कानफाट्या नाव पडलं की पडलं!

शाळेत माझं नाव ‘ढापणी’ होतं. जाड भिंगाचा चष्मा, दुसरं काय! पुढे कॉन्टॅक्ट लेन्स आल्या, डिग्री आली, बायोडेटा तीनदा बदलला. पण वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आजही ढापणीच.

तुमच्याही ऑफिसात एखादा ‘लंबू’, एखादा ‘टकल्या’ आणि बॉससाठी (त्याला माहीत नसलेलं) एक पेटंट नाव असेलच. मराठीत हा फंडा एकदम सोपा आहे. जे नजरेत भरेल ते उचलायचं आणि मागे ‘या’ चिकटवायचा. जाड्या, काळ्या, बुटक्या. झालं बारसं!

आपल्या आडनावांकडेच बघा ना. बोबडे, टकले, एकबोटे, डोईफोडे. कुठल्या तरी खापरपणजोबांवर गावाने शिक्का मारला असणार आणि पुढच्या पिढ्यांनी तो थेट सातबाऱ्यावर चढवला. २०१९ मध्ये शरद बोबडे देशाचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा आडनावाचा अर्थ आपल्या डोक्यातही आला नाही. शब्द असा धुऊन निघतो कधी कधी.

पण उलटा प्रवासही होतोच. सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो, म्हणजे देवांचा लाडका. पुढे संस्कृतात याच शब्दाचा अर्थ झाला मूर्ख! ‘घाटी’चंही तसंच. सातारा-सांगली-कोल्हापूरकडून, घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत कामाला आला, तो घाटी. साधा पत्ता होता तो. आज मॉलमध्ये ‘ई, किती घाटी टॉप आहे’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींचे आजोबा तोच घाट उतरून आले होते. (माझेही. आणि हो, मीही हे म्हटलंय.)

आणि म्हणीतला कानफाट्या? गोरखनाथांच्या पंथातले जोगी दीक्षा घेताना कान चिरून त्यात मोठी कुंडलं घालतात, म्हणून ते कानफाटे. चिरलेला कान काही पुन्हा सांधत नाही.

हे सगळं मला मस्त टाइमपास वाटायचं. मग पहिली नोकरी लागली, एका दैनिकात, क्राइमच्या पानावर. दागिने पॉलिश करून देतो म्हणत कुणी एखाद्या आजींच्या बांगड्या लांबवल्या, की माझं हेडिंग तयार : ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’. छोटं, खमंग आणि दोन कॉलमात फिट. एका रात्री पान लावणारा आमचा आर्टिस्ट चहा पिता पिता म्हणाला, ‘‘मॅडम, एक सांगू? माझ्या जातीच्या दाखल्यावर हा शब्द आहे.’’

मला जोक वाटला. मी हसलेसुद्धा. तो नाही हसला.

मग शोधलं. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ आहे, ‘राजपूत भामटा’ आहे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे देशभरातल्या कित्येक जमातींना सरसकट जन्मापासून गुन्हेगार ठरवून टाकलं. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शब्द मात्र आमच्या हेडिंगमध्ये मुक्कामाला राहिला. लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आत्मचरित्राला नावच ‘उचल्या’ दिलं, जगाने त्यांच्या लोकांना चिकटवलेलं. त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. तो शब्द कुणाला तरी हाक मारायला वापरला जात होता, हे कुठे लक्षात घेतलं होतं?

दुसऱ्या दिवशी त्याला सॉरी म्हणायला गेले. ‘‘अहो, मला सवय आहे,’’ तो म्हणाला. ‘‘मुलगा आता पेपर वाचायला लागलाय, म्हणून बोललो.’’

त्याच रात्री पुन्हा तसलीच बातमी आली. मी ‘चोरट्याने’ लिहिलं. अक्षरं तेवढीच, कॉलमात बरोब्बर बसली. त्याने पान लावलं आणि चहा सांगितला.