लाल पट्टी दिसेपर्यंत

खिडकीजवळची जागा मिळाली, तर विमान सुटण्याच्या आधीची दोन मिनिटं खाली बघा. चमकदार जॅकेट घातलेला एक माणूस विमानापासून चालत लांब जातो, कॉकपिटमधून दिसेल अशा जागी उभा राहतो आणि हात वर करून हातातली लाल पट्टी दाखवतो. मग अंगठा उंचावतो. पुष्कळ प्रवाशांना वाटतं, तो निरोप देतोय. लहान मुलं त्याला टाटाही करतात.

तो निरोप नसतो. त्या पट्टीला एक छोटी पिन जोडलेली असते. टग, म्हणजे विमान ढकलणारा ट्रॅक्टर, लावताना ही पिन पुढच्या चाकाच्या खांबात बसवतात. पिन आत असेपर्यंत कॉकपिटमधल्या स्टिअरिंगची त्या चाकावर सत्ता चालत नाही. ती नसेल आणि चाक अचानक वळलं, तर टग आणि चाक यांना जोडणारा दांडा, म्हणजे टोबार, झटका देऊन शेजारच्या माणसाचा पाय मोडू शकतो. ‘पिन काढली, टोबार सुटला, आम्ही सगळे बाजूला आहोत,’ असं ती लाल पट्टी सांगत असते. वैमानिक हाताने किंवा दिव्याने पोच देतो. विमान पुढे हलवायचं ते त्यानंतरच.

विमानाला मोटारीसारखा रिव्हर्स गिअर असतो, हाही एक समज. इंजिनाचा झोत उलटा फिरवून काही विमानं मागे सरकू शकतात, आणि अमेरिकेत काही कंपन्या एकेकाळी तसं करतही. पण त्यात माती-खडे उडतात आणि आसपासच्या माणसांना धोका होतो. म्हणून विमान टगने मागे ढकलतात, यालाच पुशबॅक म्हणतात. त्या वेळी हलणारं यंत्र एकाच्या ताब्यात आणि ब्रेक दुसऱ्याच्या, अशी स्थिती असते, आणि दोघांना जोडणारी एक हेडसेटची वायर.

‘विमानतळाचा नियंत्रण टॉवर सगळ्यांना सूचना देतच असतो’ असं अनेकांना वाटतं. टॉवरशी रेडिओवर बोलतो वैमानिक. पुशबॅकची परवानगी मिळाली की ती खाली हेडसेटवाल्याला तोच सांगतो. पुढचा संवाद इंग्रजीतल्या ठरलेल्या मोजक्या वाक्यांत होतो. ब्रेक सोडले. पुशबॅक सुरू करतोय. पुशबॅक पूर्ण, ब्रेक लावल्याची खात्री करा. ब्रेक लावले, हेडसेट काढा. यातलं एकही वाक्य अंदाजाने गृहीत धरायचं नसतं. हेडसेट नसेल किंवा बिघडला, तर हाताच्या खुणा आहेत आणि त्या आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनी जगभर सारख्या ठरवलेल्या आहेत. वैमानिक उघडा पंजा चेहऱ्यासमोर आडवा धरून मूठ वळतो, म्हणजे ब्रेक लावले. मूठ उघडली, म्हणजे सोडले.

आता सर्वांत घातक समज: वैमानिकाला वरून सगळं दिसतं. नाही दिसत. पंखाखालची इंजिनं त्याच्या पाठीमागे असतात. विमानाच्या नाकाखालची जागा पूर्ण झाकलेली असते, आणि टोबार सोडवणारा माणूस नेमका तिथेच वाकलेला असतो.

१६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर हे फार क्रूर रीतीने समोर आलं. एअर इंडियाचं हैदराबादला निघालेलं एअरबस ३१९ मागे ढकलून झालं होतं. जमिनीवरची माणसं बाजूला होण्याआधीच विमान पुढे निघालं आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. पुशबॅक व्यवस्थित झाला होता. राहिली ती शेवटची पायरी. मला वाटतं, ‘आता काय, झालंच’ अशा क्षणीच मन पुढच्या कामाकडे पळतं, आणि ती लाल पट्टी नेमकी त्याच क्षणासाठी आहे.

‘इंजिन चालू असेल तर आवाज येईलच की’ असं आपण बाहेरून सहज म्हणतो. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या पटांगणावर, एकाच वेळी अनेक विमानांचा आवाज भरलेला असतो आणि कर्मचाऱ्यांचे कान संरक्षणासाठी झाकलेले असतात. नेमकं कुठलं इंजिन फिरतंय, हे कानाला कळत नाही. म्हणून विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल लुकलुकणारा बीकन असतो. तो चालू असेपर्यंत इंजिनाजवळ जायचं नाही. बोइंग ७३७ चं इंजिन अगदी मंद फिरत असतानाही पुढचा सुमारे तीन मीटरचा टापू माणसाला ओढून घेण्याइतका धोक्याचा असतो.

नियम माहीत असणं तरी पुरेसं आहे का? ३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत अलाबामातल्या मॉन्टगोमेरी विमानतळावर एम्ब्रेअर १७५ विमान आपल्या उभं राहण्याच्या जागेवर येऊन थांबलं. त्याचं एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज पुरवणारं छोटं इंजिन, नादुरुस्त होतं. त्यामुळे बाहेरची वीज जोडेपर्यंत इंजिन चालू ठेवणं भाग होतं. कर्मचाऱ्यांना हे विमान येण्याच्या सुमारे दहा मिनिटं आधी सांगितलं होतं, आणि ते पोचण्याच्या जरासं आधी पुन्हा एकदा. बीकन विझेपर्यंत जवळ जायचं नाही, हेही सांगितलं होतं. तरीही चालू इंजिनात ओढली जाऊन एका कर्मचारी महिलेचा मृत्यू झाला.

खालच्या माणसाने वर कळवायचं राहिलं, तर काय होतं? २६ डिसेंबर २००५ ला सिॲटलमध्ये अलास्का एअरलाइन्सच्या विमानाला सामानाच्या गाडीचा धक्का लागला. कर्मचाऱ्याने ते लगेच सांगितलं नाही. विमान उडालं, सुमारे २६ हजार फुटांवर धक्का लागलेल्या जागी पत्रा फाटला आणि केबिनमधला दाब गेला. विमान सुखरूप परतलं. बारीकसा पोचा वाटतो तो जमिनीवरून. पोचा दिसल्यावर तो सांगणाऱ्या लोडरवर, म्हणजे सामान चढवणाऱ्यावर, ‘उशीर केलास’ म्हणून कुणी खेकसत असेल, तर पुढचा लोडर गप्प बसेल, हे त्या खेकसणाऱ्याने ओळखून असावं.

आणि कॅप्टन मोठा, म्हणून खालच्याने त्याला थांबवायचं नाही, असंही काही नाही. खालच्याने हातातल्या इशाऱ्याच्या दोन कांड्यांची डोक्यावर फुली केली की विमान थांबलंच पाहिजे, मग फुली करणारा कितीही नवखा असो.

पुढच्या वेळी सुटण्याआधी विमान मिनिटभर नुसतंच उभं राहिलं, तर कुरकुरू नका. खाली कुणीतरी टोबार सोडवत असेल. शेजारी लहान मूल असेल, तर त्याला ती लाल पट्टी दाखवा आणि ती कशासाठी आहे ते सांगा.