थंड इंजिनाचे छुपे दुखणे

मोटारीचे पाणी उकळले की सारे कुटुंब हवालदिल होते. घाटाच्या चढावर वाफेचे लोट निघू लागले की गाडी कडेला घ्यावी, मुलांना खाली उतरवावे आणि इंजिन निवेपर्यंत वाट पाहावी, हा प्रकार खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या वाटेने जुन्या गाड्यांतून प्रवास केलेल्या पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु उष्णतामान दाखविणारा काटा तळाशीच पडून राहिला, तर कोणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. उलट, ‘आपली गाडी कशी थंड चालते!’ असे कौतुकच होते. हे कौतुक अस्थानी आहे. फार तापलेले इंजिन मालकाला तत्काळ थांबविते. फार थंड चालणारे इंजिन मात्र काही न बोलता त्याचा खिसा रिकामा करते आणि स्वतःही झिजत राहते.

हे दुखणे ओळखावयाचे तर बंगळुरूच्या बसवनगुडीसारखी वस्ती उदाहरणादाखल घ्यावी. ज्या नंदीच्या देवळावरून या भागाला हे नाव मिळाले, त्याच्या भोवतालचा हा परिसर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे येथील उष्णतामान पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरते. शिवाय येथील कुटुंबांच्या फेऱ्या लहान लहान असतात: मुलांची शाळा, गांधी बाजारातील भाजी-फुले, फार तर शेजारच्या जयनगरपर्यंत जाऊन येणे. अशा दोन-तीन किलोमीटरांच्या फेरीत निरोगी इंजिनालाही पुरते तापावयास अवसर मिळत नाही. मग ज्याच्यात दोष आहे, त्याची काय कथा!

इंजिनाला ऊब कशासाठी?

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. हे पाणी रेडिएटरमध्ये निवून परत येते. परंतु ते निववावयाचे याचा अर्थ गार करावयाचे असा नव्हे. बहुतेक गाड्यांत त्याचे उष्णतामान ८० ते १०० अंश सेल्सियसच्या दरम्यान राहावे, अशीच योजना असते.

त्याहून इंजिन थंड राहिले तर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. न जळलेले थेंब सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढतात आणि खाली तेलात मिसळून ते पातळ करतात. दुसरे असे की, एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ही वाफ बाहेर पडते. थंड असेल तर तिच्यातील काही भाग आतच गोठून तेलात उतरतो. तेल ओतण्याच्या तोंडाचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूस सायीसारखा पिवळसर थर दिसतो, तो पुष्कळदा याचाच पुरावा असतो. आधुनिक गाडीतील संगणक तर ‘इंजिन अजून थंड आहे’ असे समजून अधिक पेट्रोल सोडीत राहतो. इंधन अधिक जळते आणि धूरही अधिक मलिन होतो.

लहानसा द्वारपाल

पाणी योग्य ऊब येईपर्यंत रेडिएटरकडे जाऊ न देण्याचे काम थर्मोस्टॅट नावाची एक लहानशी झडप करते. तिच्या पोटात मेण भरलेली धातूची कुपी असते. ठराविक उष्णतेला मेण वितळून फुगते, दांडा ढकलते आणि झडप उघडते; पाणी निवले की स्प्रिंग ती पुन्हा मिटते. ८२ किंवा ८८ यांसारखा आकडा पुष्कळदा झडपेवरच कोरलेला असतो. तो ती उघडू लागण्याचा अंश होय.

या द्वारपालाला आपल्याकडे फार काळ उपरे समजण्यात आले. १९५८ पासून २०१४ पर्यंत तयार होत राहिलेली अँबॅसडर असो की कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, गाडी तापते अशी तक्रार आली की पुष्कळ कारागीर ही झडपच काढून टाकीत. ‘आपल्या उष्ण मुलुखात तिचे काय काम?’ असा त्यांचा सवाल असे. वास्तविक दोष बहुधा अन्यत्र असे. नळाचे किंवा विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरत आणि खापर मात्र झडपेवर फुटे. काही इंजिनांत तर झडप काढल्याने पाण्याचा आडमार्ग कायमचा उघडा राहतो, काही पाणी रेडिएटर टाळून तसेच परतते आणि चढावर इंजिन उलट अधिक तापते. जुनी गाडी विकत घेताना ही झडप जागेवर आहे की नाही, हे अवश्य विचारावे.

निदान कसे करावे?

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची परीक्षा सकाळी करावी. प्रथम इंजिन थंड असतानाच पाण्याची पातळी पाहावी. पाणी कमी असेल तर उष्णतामान मोजणारा सेन्सर कोरडा पडून खोटा आकडा सांगतो.

नंतर गाडी चालवून काटा पाहावा. दहा-पंधरा मिनिटांत तो आपल्या नेहमीच्या जागी येऊन स्थिर झाला पाहिजे. ज्या गाड्यांत काटा नसतो, त्यांतील निळा दिवा तोवर विझला पाहिजे. सिग्नलपाशी उभे असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच पुन्हा खाली येतो, असे घडत असेल तर झडप उघडी अडकलेली आहे किंवा मुळी नाहीच, असा दाट संशय घ्यावा.

खात्रीसाठी रेडिएटरकडे जाणारी वरची रबरी नळी तपासावी. झडप निरोगी असेल तर काही मिनिटे ही नळी गारच राहते आणि मग एकाएकी तापते. ती आरंभापासूनच हळूहळू कोमट होत गेली, तर दोष झडपेचा आहे. हे करताना पदर, ओढणी, सैल बाह्या आणि बोटे पंख्यापासून दूर ठेवावीत. विजेवर चालणारा पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो.

हीटरमधून चांगली गरम हवा येत असूनही काटा खाली असेल, तर इंजिन ठीक असून सेन्सर किंवा त्याची तार बिघडलेली असावी. वातानुकूलन बंद असताना थंड इंजिनावरही विजेचा पंखा अखंड फिरत असेल, तर त्याच्या रिलेची तपासणी करावी. कार्यशाळेतील यंत्राने पी ०१२८ हा संकेत दाखविला, तर पाणी अपेक्षेप्रमाणे तापत नाही, असा त्याचा अर्थ होय.

पातेल्यातील परीक्षा

काढलेली झडप पाण्याच्या जुन्या पातेल्यात दोऱ्याने टांगावी आणि शेजारी तळाला न टेकेल असा उष्णतामापक धरावा. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. पाणी तापवीत नेले म्हणजे झडप कोठे उघडू लागते ते डोळ्यांनी दिसते. गार पाण्यातच ती उघडी असेल तर निकाल लागलाच. मात्र बसवनगुडीत एक गोष्ट ध्यानी ठेवावी. येथील उंचीमुळे उघड्या भांड्यातले पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. आणि ८८ अंशांची झडप पूर्ण उघडावयास त्याहून दहा-पंधरा अंश अधिक लागतात. तेव्हा ती उकळत्या पाण्यात अर्धवटच उघडली, एवढ्यावरून तिला बाद ठरवू नये. गाडीत झाकणाच्या दाबामुळे पाणी याहून वर चढू शकते, पातेल्यात नाही.

बदल आणि खबरदारी

नवी झडप त्याच गाडीसाठी नेमलेली आणि त्याच अंशाची घ्यावी. इंजिन पूर्ण निवल्यावर पाणी भांड्यात काढून घ्यावे, जुन्या गॅस्केटचे कण खरवडावेत आणि स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे येईल अशी झडप बसवावी. तिच्यावर हवा सुटण्यासाठी बारीक छिद्र असल्यास ते वरच्या बाजूस ठेवावे. मग निर्मात्याने सांगितलेला कूलंटच भरावा आणि हवा पुरती निघून जाऊ द्यावी. ज्यांना सवय नाही, त्यांनी हे काम कारागिराकडून करवून घ्यावे. परंतु काढलेली झडप मागून पाहण्यास संकोच करू नये.

दोन गोष्टी कधीही विसरू नयेत. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. आणि कूलंट चवीला गोड पण विषारी असल्याने मुलांच्या किंवा कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये, गटारातही ओतू नये.

झडप निरोगी असली तरी अखंड लहान फेऱ्यांनी इंजिन थंडच राहते. त्यावरचा उपाय सोपा आहे: दोन-तीन कामे एकाच फेरीत उरकावीत, आरंभीचे काही किलोमीटर गाडी सावकाश चालवावी आणि बाजार हाकेच्या अंतरावर असेल तर पायीच जावे. अति तेथे माती, हे उष्णतेइतकेच थंडपणालाही लागू आहे. काटा मधोमध स्थिर असणे, हीच निरोगी इंजिनाची खूण होय.