डिकीतला दणका आणि तारेचं गणित

समोरून येणाऱ्या गाडीचे हेडलाइट गाण्याच्या ठेक्यावर मिणमिणत असतील, तर डिकीत मोठा सबवूफर आहे आणि वायरिंग कच्चं आहे, असं खुशाल समजावं. दुकानात सगळी घासाघीस ॲम्प्लिफायरवर होते. तारेचं काम 'लावा कुठली तरी' म्हणून उरकलं जातं. दुखणं तिथूनच सुरू होतं.

घरातला २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जेमतेम ९ अँपिअर खेचतो. गाडीत मात्र व्होल्ट १२ ते १४च. त्यामुळे खरोखरीचे, म्हणजे आरएमएस, १००० वॉट देणारा क्लास डी ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात ९० अँपिअरच्या आसपास करंट मागतो. छोट्या गाडीचा अख्खा अल्टरनेटर साधारण तेवढाच असतो, आणि त्याला दिवे, एसीचा पंखा, इंजिनही सांभाळायचं असतं. (खोक्यावर छापलेले 'मॅक्स ५००० वॉट' सोडून द्यावेत, ती जाहिरात.)

बॅटरीपासून डिकीपर्यंत पाचेक मीटर तार लागते. ८ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ९० अँपिअर गेले, तर जवळपास १ व्होल्ट वाटेतच जिरतो आणि ८० वॉटहून जास्त उष्णता कार्पेटखाली साठत राहते. २१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे ४ गेजची तार घेतली, की ही घट ०.४ व्होल्टच्या आत येते. स्वस्त किटवर 'सीसीए' लिहिलेलं असतं. ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. एखादा धागा ब्लेडनं खरवडला, की आतली चंदेरी चकाकी दिसते. अशी तार त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बरीच कमी वीज वाहते.

मुख्य फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीपासून हातभराच्या आतच हवा. इंजिनाकडून केबिनमध्ये येताना तार पत्र्याच्या भोकातून जाते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल, तर धक्क्यांनी इन्सुलेशन घासतं आणि तार बॉडीला टेकते. फ्यूज डिकीत बसवला असेल, तर तो या शॉर्टला अडवूच शकत नाही.

अर्थिंगसाठी रंग खरवडून उघड्या पत्र्यावर थिंबल कसावं, तार आखूड आणि तितकीच जाड ठेवावी. ॲक्सिलरेटरबरोबर स्पीकरमधली शिट्टी चढत असेल, तर आधी हा जोड तपासावा. आरसीए केबल पॉवरच्या तारेला खेटून नेलेली असली, तरी आवाजात गडबड होते. ती गाडीच्या दुसऱ्या बाजूनं न्यावी.

मिणमिणत्या दिव्यांवर कपॅसिटर गळ्यात मारला जातो. १ फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टवर येताना जी ऊर्जा देतो, ती हा ॲम्प्लिफायर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फस्त करतो. तोच पैसा अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन तारा जाड करण्यात घालावा.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून, गाणं मोठ्यानं लावून ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरायला सांगा. आकडा १२ च्या खाली जात असेल, तर पैसे चुकते करू नका.