आधीं जातें, मग यंत्र

घरांत एस्प्रेसोचें यंत्र घेणारा मनुष्य बहुधा सारी पुंजी यंत्रावर खर्चितो आणि कॉफी दळण्याचें साधन उरलेल्या पैशांत घेतो. मग पहिला पेला आंबट व पाणचट उतरला म्हणजे दोष यंत्राच्या माथीं जातो.

इटलींत मिलान येथील लुइजी बेझेरा यांच्या १९०१ च्या यंत्रांत वाफेचाच दाब असे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जिया यांच्या तरफेच्या यंत्रानें तो पुष्कळ वाढविला व पेयावर सोनेरी साय आली. आज हें काम बहुधा पंप करतो. सुमारें ९ बारचा दाब पुरतो. पेटीवर छापलेल्या १५ च्या आंकड्यानें भुलूं नये.

इतक्या दाबाचें पाणी चुऱ्यांतून सोपी वाट शोधतें. पात्याच्या यंत्रांत दाणे कापले जातात. कांहीं भरड राहतात, कांहींची धूळ होते. भरडींतून पाणी निसटतें, तर धुळींतून कडवटपणा उतरतो. जात्याप्रमाणें दोन चक्रांमध्यें दळणारें साधन कण पुष्कळसे सारखे ठेवतें, आणि दळणाची जाडी थोडीथोडी बदलतां येते.

कसोटी सोपी आहे. १८ ग्रॅम चुऱ्यापासून ३६ ग्रॅम पेय २५ ते ३० सेकंदांत उतरावें. तें १५ सेकंदांतच उतरलें तर दळण बारीक करावें. ४० लागले तर किंचित् जाड. माप मात्र बदलूं नये.

भाकरी थापतांना चिरली, तर जाणती गृहिणी प्रथम पिठाकडे पाहते, तव्याकडे नव्हे. कॉफीचेंही तसेंच आहे.