मार्कंडा
महाराष्ट्र राज्यातील मध्ययुगीन शैव मंदिरांचे प्रसिद्ध स्थळ. ते गडचिरोली जिल्ह्याच्या (१९८२ पूर्वी चंद्रपूर जिल्हा) चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या डाव्या तीरावर असून येथे नदी उत्तरवाहिनी होते. आवारभिंतीतील लहानमोठ्या मंदिरांत मार्कंडेश्वराचे शिवमंदिर प्रमुख आहे. शैलीवरून ते ११–१२ व्या शतकांतील मानतात. बाह्य भिंतींवर मूर्तींचे तीन थर आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ मध्ये या मंदिरांची पाहणी केली व त्यांच्या शिल्पांची तुलना खजुराहोशी केली. वीज पडून शिखराचा वरचा भाग महामंडपावर कोसळला, असे सांगतात. पुढे गोंड राजाने अवजड खांब व कमानी घालून छत सावरले. त्यामुळे मंडप तगला. परंतु त्याचे मूळ सौष्ठव झाकले गेले. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते.