फोनवर बोलणारे यंत्र : सोय आणि खबरदारी

भोसरी, चिखली, चाकण पट्ट्यातल्या आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना "मराठीसाठी एक दाबा" हा आवाज आता ओळखीचा आहे. तो दोन प्रकारे तयार होतो. जुन्या पद्धतीत माणसाच्या आवाजात आधी भरून ठेवलेले तुकडे जोडतात. मराठीत हे किचकट, कारण एकवीस, एकोणचाळीस असे शंभरपर्यंतचे आकडे वेगवेगळे भरावे लागतात. नव्या पद्धतीत संगणक लिहिलेला मजकूर स्वतः उच्चारतो. त्यामुळे बिलाची रक्कम, पार्टीचे नाव, माल पोहोचण्याची तारीख आयत्या वेळी सांगता येते.

रिझर्व्ह बँकेने ८ मार्च २०२२ रोजी सुरू केलेल्या 'यूपीआय १२३पे' सेवेत साध्या फोनवरूनही आवाजी सूचना ऐकून पैसे पाठवता येतात. कमी शिकलेल्या कारागिरालाही ही सोय उपयोगी आहे.

मात्र असा आवाज कोणीही तयार करू शकतो. पिन फक्त आपण स्वतः लावलेल्या अधिकृत क्रमांकावरच दाबावा. आलेल्या फोनवर पिन, ओटीपी देऊ नये. पैसे जमा होण्यासाठी पिन लागतच नाही. खात्यात रक्कम पाहूनच माल सोडावा. फसवणूक झाल्यास ताबडतोब १९३० वर कळवावे, असे आम्ही सुचवतो.