बँकेच्या शाखेतून म्युच्युअल फंड

म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांची बचत एकत्र करून ती समभाग व रोख्यांत गुंतवणारा निधी. युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाबाहेरचा असा देशातील पहिला निधी भारतीय स्टेट बँकेने १९८७ मध्ये उभारला आणि आज त्याच्या व्यवस्थापनात फ्रान्समधील अमुंदी ही कंपनी भागीदार आहे. निधी सांभाळणारी मालमत्ता व्यवस्थापन कंपनी आणि तो विकणारी बँक या वेगळ्या संस्था असतात, बँक ही केवळ दलाली घेणारी वितरक असते, म्हणूनच शाखेतील प्रमाणपत्रधारक कर्मचारी, निधी व्यवस्थापक आणि गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणारा निबंधक यांच्यातील मेळ निर्णायक ठरतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टेट बँकेच्या याच निधीने आणलेली ‘जननिवेश’ एसआयपी, म्हणजे ठरावीक काळाने हप्ता भरण्याची सोय, अवघ्या २५० रुपयांपासून सुरू होते आणि बँकेच्या ‘योनो’ ॲपवरही उपलब्ध आहे. एवढ्या लहान हप्त्यात कागदोपत्री नोंदणी आणि वसुलीचा खर्च सहज भरून निघत नाही, त्यामुळे ओळखपडताळणी व हप्तावसुली डिजिटल होणे ही येथील खरी नवता होय. मात्र शाखेवरच्या विश्वासापोटी ग्राहक या गुंतवणुकीला ठेव समजण्याची शक्यता असते, आणि तिला ठेवीसारखे विमासंरक्षण किंवा परताव्याची हमी नाही, हे विक्रीपूर्वीच स्पष्ट सांगणे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे.